इंजिनावरचा झेंडूचा हार

दसऱ्याचा दुसरा दिवस, संध्याकाळ

आज भाऊजींना सगळ्या बोटीसमोर बोलले. नको होतं.

धरणाच्या मधोमध आपल्या दोन इंजिनांच्या जोडबोटीचं डावं इंजिन तापून बंद पडलं. एकाच इंजिनावर बोट गोल फिरायला लागली. एक पॅसेंजर म्हणाला, "मावशी, प्रदक्षिणा घालताय का?" सगळे हसले आणि माझं डोकं फिरलं. इंजिनाचा पाण्याचा पंप भाऊजींनीच परवा बसवलेला. मी म्हटलं, "नवऱ्याचा भाऊ म्हणून ठेवलंय, दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नसतं." ते एवढंच म्हणाले, "वहिनी, आधी जाळी बघू." बघू दिली नाही मी.

काठाला आल्यावर बघितली. इंजिन गार ठेवणारं पाणी जिथून आत जातं, त्या जाळीत झेंडू. काल पूजा करून मीच घातलेला हार, घसरून पाण्यात गेला असणार. सकाळीच ते म्हणाले होते, काढा. मी म्हटलं, पूजेचा हार सुकल्याशिवाय काढत नाहीत. झेंडूच तो. पंपाला काही झालेलं नाय.

चुकलं म्हणायला त्यांच्या घरी गेले आणि तोंडातून निघालं, जाळी साफ कशी करायची? त्यांनी सांगितलं. मग ग्रीस कुठं लावायचं, बॅटरीचं पाणी कधी बघायचं, जादा प्लग कुठल्या डब्यात आहेत, न विचारता सगळंच सांगितलं. इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मी मान डोलवत चहा पिऊन आले.

त्यांना उद्या बोटीवर यायचं असतं तर मला कशाला सांगितलं असतं?