खिडकीतलं गुणगुणणं

४ जून

चि. धाकट्यास,

अ. आ. तुझं घड्याळदुरुस्तीचं दुकान, तुझी बायको आणि तुझी ती कुरकुरणारी खुर्ची, सगळी ठणठणीत आहेत असं धरून चालते.

इकडे माझ्यावर बालंट आलंय. बसच्या आगारात हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर छत्र्यांना चिठ्ठ्या बांधताना मी गुणगुणते, हे तुला ठाऊक आहे. चर्चमधलीच गाणी, दुसरी येतात कुठे मला? तर कुणीतरी तक्रार केली, सरकारी खिडकीत धर्माचं गाणं नको. मोठ्या साहेबांनी लगेच बंदी घातली. पुन्हा गुणगुणताना सापडले, तर खिडकी काढून घेऊन मला तळघरातल्या कोठारात बसवणार. शेजारचा तिकीटवाला दिवसभर घसा फाडून सिनेमातली गाणी म्हणतो, त्याला कुणी हटकत नाही. आमचंच गाणं तेवढं लोकांना टोचतं का रे?

तुझे भावोजी गेल्यापासून घरात माझ्या तोंडून सूर निघत नाही. खिडकीत बसलं की आपोआप निघतो. तोही गेला तर मी काय करू, मला खरंच कळत नाही.

तुझी,
ताई

११ जून

ती. ताईस,

सप्रेम सलाम वि. वि. पत्र वाचून इतका राग आला, की एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाला मिनिटकाट्याच्या जागी तासकाटा बसवला. तिकीटवाल्याला चालतं ते तुला का नाही, हे साहेबांना विचारच.

पण एक सांगू? चिडू नकोस. हरवलेली पिशवी मागायला आलेला माणूस आधीच कावराबावरा असतो. आतून परक्या धर्माचं गाणं ऐकू आलं, तर इथे आपली दाद लागणार नाही असं त्याला वाटू शकतं. त्याचंही अगदीच चूक नाही.

मी मात्र निर्धास्त. मी काय गुणगुणतोय हे आजवर कुणालाच ओळखता आलेलं नाही. तू आणि भावोजींनी मला चर्चच्या गाणाऱ्यांमधून, क्वायरमधून घालवलंत, त्याआधी चर्चच्या पाळकसाहेबांनी मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं, आठवतं ना?

बेसुऱ्या भावावरही माया ठेवावी, ही विनंती.

तुझा,
धाकटा

२३ जून

चि. धाकट्यास,

अ. आ. भाऊ आहेस की वैरी? धर्म विचारून मी कधी कुणाची छत्री दिलेली नाही. तरी तुझं ते कावरंबावरं गिऱ्हाईक डोक्यातून जाता जात नाही, म्हणून दोन दिवस तोंड शिवून बसले. चिठ्ठ्यांच्या गाठीसुद्धा सैल बसल्या.

आता गंमत ऐक. माझ्यावर कान ठेवायला एक अधिकारी नेमलाय. आम्ही त्याला शिस्तसाहेब म्हणतो. पण धार्मिक गाणं कुठलं आणि बिनधार्मिक कुठलं, हे त्याला कुठे कळतंय! रेडिओवर ऐकलेली साबणाच्या जाहिरातीची चाल गुणगुणले तर मला ताकीद दिली, आणि अस्सल उपासनेतलं गाणं निसटलं तेव्हा खुशीत मान डोलावली. शेवटी सगळी गाणी एकदाची ओळखीची व्हावीत म्हणून तो रविवारी क्वायरच्या तालमीला येऊन बसला. बोलण्याचा आवाज त्याचा खर्जातला. पाळकसाहेबांनी त्याला हाताला धरून तुझ्या भावोजींच्या रिकाम्या जागी उभं केलं. मी गाण्याच्या वहीत डोकं खुपसलं रे. मग त्याने तोंड उघडलं, आणि मला तुझीच आठवण आली.

तुझी,
ताई

२९ जून

ती. ताईस,

स. स. वि. वि. सख्ख्या भावाला घालवलंत आणि हेराला आत घेतलंत! माझा निषेध पाळकसाहेबांना कळव. आणि जपून राहा, तो गाणी शिकतोय ती तुलाच पकडायला.

तुझा,
धाकटा

१२ जुलै

चि. धाकट्यास,

अ. आ. पकडला गेला तो शिस्तसाहेबच! मोठ्या साहेबांच्या बैठकीत तो नकळत गुणगुणायला लागला. तिकीटवाल्याने जागच्या जागी तक्रार ठोकली. गाणं धार्मिक आहे का, हे सांगायला मला बोलावलं. नुसतं हो म्हटलं की तो तळघरात. मला मोह झालाच नाही असं म्हटलं, तर ते खोटं ठरेल. पण बिचाऱ्याच्या कपाळावर घाम फुटला होता.

मी खरं तेच सांगितलं. गाणं आमचंच, पण यांनी म्हटलं तर ते आमच्या पाळकसाहेबांनाही ओळखू येणार नाही. मोठ्या साहेबांनी त्याला पुन्हा म्हणायला लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि हात टेकले. आता नवा नियम आहे. ज्याने त्याने हवं ते गुणगुणावं, फक्त खिडकीबाहेरच्याला ते काय आहे हे ओळखू येता कामा नये. तिकीटवाल्यालाही हेच लागू. तो तेव्हापासून फुरंगटून बसलाय.

शिस्तसाहेब सुटला, पण मी अडकले. काही केल्या सूर चुकतच नाही! काल चष्मा न्यायला आलेल्या एका बाईने तर गाणं ओळखून बाहेरून साथीचा सूर धरला. आणखी एकदा असं झालं की कोठार ठरलेलं.

तेव्हा दुकानाला कुलूप लाव आणि ये. मला बेसूर गायला शिकव. शिस्तसाहेबाच्या शेजारी तुझीही जागा मी पाळकसाहेबांकडून मागून ठेवलीय. या वेळी नुसते ओठ हलवायचे नाहीत.

तुझी वाट पाहणारी,
ताई