दोन सांधे बाकी आहेत

चिंचपोकळी,
शुक्रवार, फेब्रुवारी १९६०

प्रिय रघुवीर,

मायना जुन्या सवयीने लिहिला गेला. खोडला असता तर कागद घाण दिसला असता, म्हणून राहू दिला आहे.

तुझ्या कंपनीच्या साहेबांचा ड्रायव्हर संध्याकाळी त्यांची गाडी न्यायला येईल. त्याच्या हाती गाडीऐवजी हे पत्र देणार आहे. गाडीला काही झालेलं नाही, तेव्हा धावत येऊ नकोस. आधी शेवटपर्यंत वाच. तुला अर्धं वाचून पुढे निघायची सवय आहे. माटुंग्याला इन्स्टिट्यूटमध्ये असताना तू प्रश्नपत्रिकाही तशीच वाचायचास आणि तरी पास व्हायचास. वर्गात मी एकटी मुलगी, त्यामुळे मला प्रत्येक ओळ दोनदा वाचावी लागायची.

आधी कामाचं. सोमवारी गाडी आणलीस तेव्हा म्हणालास की जोरात पळवली की थोड्या वेळाने ऑईल प्रेशरचा काटा खाली बसतो. ते खरं आहे. सत्तेचाळीसचं मॉडेल, इंग्लंडच्या हवेसाठी बांधलेलं. इथल्या उन्हात शर्यतीच्या वेगाने चालवलं की तेल पातळ होतं आणि बेअरिंगवर टिकत नाही. ऑईल कूलर हाच उपाय. पंपाकडून फिल्टरकडे जाणारी नळी या इंजिनात बाहेरूनच आहे, त्यामुळे इंजिन खोलावं लागलं नाही. नळी काढली, तेल तिथून बाहेर घेतलं, कूलरमधून फिरवून परत आणायची सोय केली. कूलरची जागा रेडिएटरच्या खाली, पुढच्या पत्र्याच्या आड. ब्रॅकेटखाली रबर घातलं आहे, नाहीतर हादऱ्याने नळ्यांना चिरा जातात. होज पाईप कुठेही चॅसीला घासत नाहीत, मी बोट फिरवून पाहिलं आहे. तू साहेबांना जे चित्र दाखवलंस त्यात कूलर रेडिएटरच्या तोंडासमोर होता. तिथे बसवला असता तर तेल थंड राहिलं असतं आणि पाणी उकळलं असतं. ते चित्र माझं आहे, पंचावन्न सालचं. मी तेव्हा शिकत होते, म्हणून चुकलं. तू ते चुकीसकट उचललंस आणि खाली स्वतःची सही केलीस.

आता तू आणलेल्या कूलरबद्दल. 'मित्राच्या गाडीचा आहे, फुकटात मिळाला, रॉकेलने धू आणि लाव,' असं म्हणालास. मित्राची गाडी का मोडीत गेली, हे तू सांगितलं नाहीस. मी कूलर रॉकेलने धुतला आणि ते रॉकेल नानांच्या, माझ्या वडिलांच्या, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं. फडकं उन्हात धरलं तर चमकत होतं. बेअरिंगच्या पांढऱ्या धातूचा चुरा. त्या गाडीचं इंजिन बेअरिंग वितळून गेलं होतं आणि तो सगळा कचरा कूलरच्या नळ्यांत जाऊन बसला होता. पुन्हा धुतला, पुन्हा चमक. हा कचरा धुऊन निघत नाही, रघुवीर. थंड रॉकेलला तो दाद देत नाही, पण तेल तापलं आणि इंजिन थरथरू लागलं की आपोआप सुटतो आणि थेट नव्या बेअरिंगमध्ये जातो. तू सांगितलंस तसा कूलर लावला असता तर रविवारी जुहूच्या धावपट्टीवर, साहेब स्वतः चालवत असताना, सगळ्या कंपनीसमोर इंजिन ठोकायला लागलं असतं आणि मग बसलं असतं. साहेब विलायतेला परत जायच्या आधीची त्यांची ही शेवटची शर्यत. जाताना ते वर्क्स मॅनेजरच्या जागेसाठी कोणाचं नाव देणार, ते तूच नानांना मोठ्या आवाजात सांगत होतास.

तो कूलर तसाच लावावा, असा विचार मी केला. एक दिवस नाही, दोन दिवस केला. तुझाच कूलर, तुझाच हुकूम, मी फक्त सांगितलं तेवढं केलं असतं. विचार करताना मला बरं वाटत होतं, हेही लिहून ठेवते. का वाटत होतं, ते तुला ठाऊक असायला हवं, पण मला ते ठाऊक आहे हे तुला ठाऊक नाही.

छप्पन सालच्या जानेवारीत गिरणगाव पेटलं होतं. गोळीबार चालू होता. आमच्या गॅरेजात दुरुस्तीला आलेला एक ट्रक उभा होता, तो नानांनी बाहेर काढला. मागे नानांचे गॅरेजातले जोडीदार कोंडीरामकाका आणि तू. लालबागच्या गल्ल्यांतून तुम्ही तिघांनी जखमी माणसं उचलून हॉस्पिटलात पोहोचवली. तू परत आलास तेव्हा तुझ्या सदऱ्याच्या बाहीला रक्त होतं आणि मी ती बाही मोरीत धुऊन दिली होती. मला तुझा अभिमान वाटला होता. आईने त्या दिवशी पहिल्यांदा तुला जावयासारखं पाटावर बसवून वाढलं.

मग ट्रक कोणी चालवला याचा पोलिसांनी शोध घेतला. रात्री कोंडीरामकाकांना डिलाईल रोडच्या चाळीतून उचललं. पहाटे नानांना घेऊन गेले. सकाळी काका सुटून आले, ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला, आणि आल्याआल्या त्यांनी विचारलं, 'नाना खंय?' तू तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात उभा होतास. रात्रभर गिरगावात मावशीकडे होतो म्हणालास. काका गेल्यावर तू आईला म्हणालास, 'सगळ्यांना आत घालतायत, मग हा एकटाच कसा सुटला? मी काही म्हणत नाही हो, फक्त विचारतोय.'

तुझं ते विचारणं पुरलं. नाना पावसाळा संपताना सुटले, तेव्हा त्यांचं उजवं मनगट वाकडं बसलेलं होतं आणि चाळीत सगळ्यांना उत्तर माहीत झालं होतं. वीस वर्षं गाडीखालच्या एकाच खड्ड्यात उतरून एकाच दिव्याखाली काम केलेला माणूस दारात हसत उभा राहिला, आणि नाना त्याला म्हणाले, 'माझ्या गॅरेजची पायरी चढू नकोस.' काका आल्या पावली परत गेले. मी नंतर गंगुबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारलं की काका खरंखोटं का करत नाहीत. त्या म्हणाल्या, 'ते म्हंतत, नानांका माझी शपथ लागता, तर ऱ्हवांदे.' तुझ्या घरच्यांनी त्याच सुमारास आपल्या लग्नाच्या बोलण्यांसाठी आमच्याकडे येणं थांबवलं. त्याबद्दल हे पत्र नाही. त्या हिशेबात मी फायद्यात आहे.

गेल्या दसऱ्याला एक निवृत्त पोलीस जमादार मुलाची मोटारसायकल घेऊन गॅरेजात आले. बोलका माणूस. पाटी वाचून म्हणाले, हे ते ट्रकवाले नाना का? मी प्लग साफ करत होते, मान वर केली नाही. ते सांगत गेले. म्हणाले, नानांच्या आधी उचललेला तो म्हातारा मेकॅनिक फार चिवट निघाला, पोरांचे हात दुखले पण नाव काही सांगेना, शेवटी सोडून दिला. नाव दिलं ते त्या कॉलेजातल्या चष्मेवाल्याने. लालबागला सापडला होता. 'त्याला तर आम्ही हातसुद्धा लावला नव्हता, पोरी. चहा मागवला होता. कप खाली ठेवायच्या आत त्याने गॅरेजचा पत्ता सांगितला, वर रस्ताही समजावून दिला.' मी त्यांच्याकडून प्लगचे पैसे घेतले आणि मोटारसायकल चालू करून दिली.

तुला मारलं असतं आणि तू बोलला असतास, तर मी काही लिहिलं नसतं. मार कोणाला किती सोसतो हे घरात बसून ठरवायचा मला अधिकार नाही. पण तुला चहा दिला होता. आणि नंतर आमच्या स्वयंपाकघरात तर तुला कोणी काही विचारलंही नव्हतं.

नानांना मी हे सांगितलेलं नाही. सांगून उपयोग नाही. ते म्हणतील, जमादार काय वाटेल ते बोलेल, आपला रघू तसा नाही. तुझ्यावरचा त्यांचा विश्वास मी सोमवारी पाहिला. तू वाकून त्यांच्या पाया पडलास. मुंबईसह महाराष्ट्र होणार याचे पेढे आणलेस. दादरला तुमच्या सोसायटीत 'ट्रकवरचा तरुण' म्हणून तुझा सत्कार झाला, त्याचा फोटो दाखवलास. नाना वाकड्या हाताने फोटो धरून बघत राहिले आणि म्हणाले, 'कोंड्या असता तर हे कूलरचं काम एका दिवसात उरकलं असतं.' त्यांच्या तोंडून ते नाव चार वर्षांनी निघालं. आणि तू त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, 'त्या माणसाचं नाव कशाला काढता, नाना?'

तोपर्यंत मी हे काम घ्यायचं की नाही ते ठरवलं नव्हतं. त्या क्षणी घेतलं.

बुधवारी मी कफ परेडला मच्छीमार नगरात गेले. कोंडीरामकाका आता तिथे होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. सुकत घातलेल्या बोंबलांच्या ओळीखाली बसून काम चाललं होतं. मला बघून हात पुसले आणि पहिलं वाक्य, 'बाय, नाना बरे असत मां?' मी म्हटलं, बरे आहेत, कूलर हवा आहे. आयात बंद आहे, मुंबईभर हिंडले तरी मिळत नाही, हे तुला माहीतच आहे, म्हणून तर तू तो फुकटचा उचललास. काका आत गेले आणि एक लाकडी पेटी घेऊन आले. युद्धानंतर विमानांचं सामान लिलावात निघालं तेव्हा त्यांनी आणि नानांनी मिळून घेतलेल्या मालातला एक कूलर, तोंडावरचा मेणकागदही न फाडलेला. 'आमचो दोघांचो हा,' म्हणाले, 'म्हणान इकलंय नाय.' गाडी कोणाची आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते. तू आणलेला कूलर मी करवतीने मधोमध कापला आहे. दोन्ही तुकडे फडक्यासकट माझ्या कपाटात आहेत. आतली चमक लांबूनही दिसते, साहेबांना समजावून सांगावं लागणार नाही. चांगला कूलर नानांच्या टेबलावर आहे. ब्रॅकेट तयार आहे, पाईप तयार आहेत, फक्त कूलरला पाईप जोडायचे दोन सांधे बाकी आहेत. तेवढे झाले की प्लग काढून हँडलने इंजिन फिरवायचं, काटा वर आला की गाडी तुझी. ते दोन सांधे मी आवळणार नाही. ते कोंडीरामकाका आवळतील. उद्या सकाळी मी त्यांना बोलावलं आहे. ते येतील, पण पायरीच्या खाली उभे राहतील, कारण वर ये म्हणायचा अधिकार नानांचा आहे, आणि नानांनी तसं म्हणावं यासाठी तुला बोलावं लागेल. नानांसमोर, काकांना ऐकू जाईल अशा आवाजात. पोलिसांना पत्ता कोणी दिला आणि कोंडीरामकाकांवर संशय कोणी ढकलला. कारणं सांगू नकोस, वय किती होतं ते सांगू नकोस. तू आला नाहीस तर दुपारी मी स्वतः साहेबांकडे जाईन, कापलेला कूलर घेऊन, आणि त्यांची गाडी रविवारी गॅरेजात उभी का आहे ते त्यांच्या भाषेत समजावून सांगेन. माझं इंग्रजी तुझ्यापेक्षा चांगलं आहे. आलास तर आणखी एक लक्षात ठेव. बोलून झाल्यावर माफी मागू नकोस. नाना मऊ आहेत, काका त्यांच्याहून मऊ. दोघेही जागच्या जागी देऊन टाकतील, आणि मला ते नको आहे.

एके काळी तुझी असलेली,
बकुळा