चोवीस अंश

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.
लॅबमध्ये घर्षण मोजायच्या मशीनची पूजा. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. सगळं ज्ञानूमामांनी केलं. मामा आमचे लॅब अटेंडंट, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. मशीनपाशी बसून बराच वेळ काहीतरी पुसत होते. किती ही श्रद्धा! फोटो काढून स्टेटसला लावला.
माझी पीएच.डी.ची मुदत ३१ डिसेंबर. तिसरी मुदतवाढ, आता पुढे नाही. २९ डिसेंबरला समितीपुढे निकाल मांडायचे. म्हणजे नव्वद दिवस हातात. भरपूर आहेत.
संकल्प: रोज सकाळी नऊला लॅबमध्ये.

३ ऑक्टोबर, सकाळी ११.४०
स्वतःसाठी विषय पुन्हा लिहून ठेवतो. सहा वर्षांत विसरायला होतं. काचेवर जेलच्या अतिसूक्ष्म कणांचा थर. पाण्यात तापमान बत्तीस अंशांच्या वर गेलं की कण अंग चोरतात आणि काच चिकट होते, घट्ट धरते. खाली आलं की कण पाणी पिऊन फुगतात, काच बुळबुळीत. म्हणजे तापमानावर चालणारा चिकटपणा. उद्या यातून रोबोटचे हात बनतील.
आजवर माझ्या आलेखात फक्त सरळ रेघ आली आहे. दोष मशीनचा. दसऱ्याआधी चालवलं तेव्हाही कुरकुरत होतं.

६ ऑक्टोबर, सोमवार
आलं!!! तापमान वाढवलं आणि रेघ धाडकन बदलली. गार केलं, परत आली. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. मशीनही आज गप्प. डोळ्यांत पाणी आलं, लाज कशाला वाटून घेऊ?

७ ऑक्टोबर
बारीकसारीक दोन गोष्टी. एक, बदल बत्तीसला न होता चोवीसला होतोय. दोन, उलटा होतोय. वर गेलं की घट्ट धरायला हवं, तर इथे सुटतंय.
पण बदल तो बदल. बहुधा नवीनच परिणाम सापडलाय. नाव: इंगवले इफेक्ट.

९ ऑक्टोबर
गाइड विजयमाला मॅडमना आलेख दाखवला. त्यांनी चष्मा काढून विचारलं की जेल न लावलेल्या कोऱ्या काचेवर हाच प्रयोग केलात का. म्हटलं, करतोच आहे. मॅडमना नवीन कल्पना पचायला वेळ लागतो. ज्याला शंका आहे त्याने कोरी काच घासावी.

२० ऑक्टोबर. दिवाळीची पहिली अंघोळ.
पहाटे स्वप्नाली तेल घेऊन उभी. म्हटलं, संशोधकाला असल्या कर्मकांडाला वेळ नाही. बायको म्हणाली की मग संशोधकाने अंघोळ तरी करावी.
संकल्प: सुट्टीत प्रबंधाची तीन प्रकरणं.

२९ ऑक्टोबर
प्रबंध: अर्पणपत्रिका पूर्ण.

१० नोव्हेंबर, सोमवार
सोमवारी आलेख सगळ्यात सुंदर येतो. शुक्रवारपर्यंत जरा मळतो. चंद्राचा परिणाम? भरती-ओहोटीशी संबंध तपासायला हवा. समुद्र इथून लांब आहे, पण तरी.

१४ नोव्हेंबर
लॅबमधला ऋषभ पेढे घेऊन आला. माझ्या मागून तीन वर्षांनी आला आणि डॉक्टर झाला. साधा विषय होता त्याचा. त्यानेही कोऱ्या काचेबद्दल विचारलं. मॅडमनी पढवून पाठवलेला दिसतोय. पेढे चार खाल्ले.

१ डिसेंबर
आबांना सांगून टाकलं की झालंच म्हणून. वडील बँकेतून शिपाई म्हणून रिटायर झाले. सहा वर्षं ते रोज फक्त एवढंच विचारतात, "कुठवर आलंय?" आज काही विचारलं नाही. उठून बाहेर गेले. मला वाटलं चिडले. मंडळातल्या माझ्या मित्राच्या, सम्राटच्या दुकानी बातमी द्यायला गेले होते.

४ डिसेंबर
कोपऱ्यावर फ्लेक्स! "आमचे मित्र डॉ. धैर्यशील गणपतराव इंगवले यांचे हार्दिक अभिनंदन." माझा गॉगलवाला फोटो, खाली मंडळाचे बावीस चेहरे. सम्राटला फोन केला की अरे, अजून मिळाली नाहीये. तो म्हणाला, "मिळणारच हाय की! खांब मोकळा हुता, लावून टाकला." तसं बघितलं तर खरंय.

६ डिसेंबर
शेजारच्या चिमणाबाई सकाळी दारात. जीभ बाहेर काढून उभ्या. पित्ताचं औषध द्या म्हणाल्या. समजावलं की मी त्यातला डॉक्टर नाही. "मग कशातला?" म्हणाल्या. जेलचं सांगितलं. "आणि फ्लेक्स कशापायी?"
आबा दूध आणायला लांबच्या रस्त्याने जातात हल्ली. फ्लेक्सवरून.

१५ डिसेंबर
प्रकरण एक: पान दोन. शीर्षक तीनदा बदललं. थंडी फार.

२३ डिसेंबर
मॅडमचा मेसेज. कोऱ्या काचेचा आलेख नसेल तर २९ला सही करणार नाहीत. ठीक आहे. एक दिवस वाया घालवू. मोठ्या लोकांना हे चुकत नाही.

२४ डिसेंबर, दुपारी १.१०
कोरी काच. जेलचा एक कण नाही.
चोवीस अंशांना धाडकन बदल. पाचही वेळा.
माझ्या आलेखापेक्षा सुंदर.

२४ डिसेंबर, ४.००
ज्ञानूमामांना विचारलं, मशीनला काही केलंय का. मामा खूश झाले. म्हणाले, "कुरकुरत हुतं न्हवं? खंडेनवमीला खोबरेल लावलं. तवापास्नं दर सोमवारी लावतोय की. त्याच फडक्यानं तुमच्या काचा बी पुसतो, चकचकीत ऱ्हात्यात." मग हळूच म्हणाले, "सायेब, तवापास्नंच तुमचं बरं चाललंय. म्या कुनाला बोललो न्हाय."
खोबरेल चोवीसच्या आसपास गोठतं. वर गेलं की पातळ. अडीच महिने मी इंगवले इफेक्ट नाही, खोबरेलाची बाटली अभ्यासली.
मामांना काय बोलणार? ते एकटेच तर माझ्यासाठी काहीतरी करत होते.

२६ डिसेंबर
मशीन उघडून पुसलं. काचा सॉल्व्हंटने तीनदा धुतल्या. जेलच्या नव्या काचा केल्या. पंधरापासून पंचेचाळीस अंशांपर्यंत सरळ रेघ. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर काचेवर जेलच नाही. दोनदा घासलं की निघून जातंय. पहिल्या वर्षापासून जात असणार.
चिकटपणावर सहा वर्षं काढली आणि ते काचेला चिकटलंच नव्हतं.

२९ डिसेंबर, सोमवार
समितीला खरं ते सांगितलं. दहा मिनिटांत आटोपलं. मॅडम रागावल्या नाहीत. "धैर्यशील, हे ऑक्टोबरमध्ये केलं असतंत तर," एवढंच म्हणाल्या. मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. आता सगळं संपलं.
सवयीने मामांनी सकाळी मशीनला खोबरेल लावलं होतं.

३१ डिसेंबर, सकाळी ८.१५
संकल्प: आज आबांना सांगायचं. आधी सम्राटला फोन करून फ्लेक्स काढायला सांगितला. तो म्हणाला, "संक्रांतीपतोर ऱ्हाऊ दे. आबा रोज येऊन त्याच्याखाली उभं ऱ्हात्यात, काढू कसा?"

३१ डिसेंबर, ९.३०
आबा उन्हात खुर्ची टाकून बसले होते. थंडीने गुडघा धरलाय. म्हटलं, आबा, एक सांगायचंय. ते म्हणाले की आधी जरा तेल चोळ. खोबरेलाची बाटली पांढरी घट्ट झाली होती. स्वप्नालीने ती गरम पाण्यात धरून दिली. थंडीत गोठतं, एवढंही माहीत नाही का म्हणाली.
चोळलं. सुरुवातीला हात अडत होता, मग सुटला. बराच वेळ चोळत राहिलो, सांगायचं कसं ते सुचेना म्हणून.
आबा डोळे मिटून म्हणाले, "बास, डॉक्टर. आता बरं वाटायला लागलं."
उद्या सांगेन.