तिसरा वन्स मोअर

जऊळका,
माघ, शके १८४९

प्रिय पंचफुला,

अनेक आशीर्वाद. आधीच बजावून ठेवतो, हे पत्र वरून खाली वाच. शेवट आधी वाचायची तुझी जुनी खोड आहे. आणि स्वतःच वाच. तुला चौथीपर्यंत शिकवली ती काही जावईबापूंकडून पत्रं वाचून घ्यायला नाही. इकडे सगळे खुशाल. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. ज्वारी कापून झाली. आई बरी आहे. बरी म्हणजे काय, सध्या तिचं नाव वाशीमपासून अकोल्यापर्यंत गाजतं आहे आणि स्टेशनवरचा पोर्टर मला 'सोजरबाईचे मालक' म्हणून रामराम घालतो. ते कशानं झालं, तेच सांगायला बसलो आहे.

तुझ्या लग्नाच्या पंगतीत मी जे बोललो ते तुला सासरी कितीदा ऐकावं लागलं असेल, याचा विचार केला की मला माझीच लाज वाटते. तुझे सासरे उकंडराव नाटकवेडे आहेत हे मला माहीत होतं, पण किती ते माहीत नव्हतं. त्या मोठ्या नाटक कंपनीतल्या नायिकेच्या गळ्याचं ते कौतुक करत होते, आणि मी हातात बुंदी घेऊन बोलून गेलो की मिशा काढून शालू नेसलेल्या बाप्याच्या रडगाण्यापेक्षा आमच्या गावकऱ्यांचा खेळ, ती दंडार बरी. तिच्यात निदान माणसं मरायच्या आधी चार चार वेळा गात नाहीत. पंगत हसली. उकंडराव पानावरून उठले. ज्याला सुरातलं काही कळत नाही त्याच्या घरी सून पाठवायची नाही, असं म्हणाले, आणि तो माणूस बोलला तसा वागला. दोन दिवाळ्या गेल्या, दोन संक्रांती गेल्या. मी दोनदा रिसोडला येऊन ओसरीवर चहा पिऊन परतलो. तू दाराआड उभी होतीस, मला दिसलीस. आता तुला सातवा लागला, पहिलं बाळंतपण, तरी त्यांचा निरोप तोच. एका नाटकापायी लेक माहेरी येत नाही, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

अशात ती कंपनी वाशीमला आली. काय तो गाजावाजा! महिनाभर आधीपासून रेल्वेच्या डब्यांवर जाहिराती, बाजारात बैलगाडीवर बँड. स्टेजवर खरं कारंजं उडणार, पडदा मखमलीचा, नायिकेचा शालू पैठणचा. मागच्या मुक्कामी लोक तिकिटासाठी रात्री रांगेत झोपले म्हणे. आपल्या शाळेचे बबनराव मास्तर तर नायिकेचं नाव घेताना कानाला हात लावायचे. आईनं मला समोर बसवलं आणि सांगितलं, की जा, ते नाटक बघा, व्याही तिथं असणारच, त्यांना गाठा आणि नाटक फार चांगलं झालं म्हणून सांगा. दोन शब्द गोड बोलायला तुमचं काय जातं, असं तिचं म्हणणं. मी रेल्वेत ते दोन शब्द पाठ करत गेलो. बरोबर आई, जानराव काका आणि मास्तर. दुपारी आईनं वाशीमच्या बाजारात तुझ्यासाठी खण घेतला, नारळ घेतला, गहू-कुंकू घेतलं. तू येत नाहीस तर सातव्या महिन्याची ओटी तरी कुणा गाडीवानाबरोबर रिसोडला पाठवू म्हणाली. ते गाठोडं मांडीवर घेऊनच ती थेटरात बसली.

पत्र्याचं थेटर, पुढं खुर्च्या, मागं आम्ही जमिनीवर, एका बाजूला चिकाच्या पडद्याआड बायका. पहिल्या रांगेत तुझे सासरे, रेशमी फेटा, कानात अत्तराचा फाया. पडदा उघडला आणि खरं सांगतो, कारंजं खरंच उडालं. पण पुढं? राजा एक ओळ बोलायचा आणि गायला लागायचा. प्रधान गायला, द्वारपाल गायला. जानराव नांदी संपायच्या आत घोरू लागला आणि अजून सांगत फिरतो की इतकी गाढ झोप आयुष्यात लागली नव्हती, पैसे वसूल झाले. मास्तर मात्र दर आलापाला डोळे पुसत होते. माझ्या एका अंगाला स्वर्ग आणि दुसऱ्या अंगाला घोरणं, मध्ये मी बसून ते दोन शब्द घोकत होतो.

मग आला तिसरा अंक. राणी पोटुशी आहे, राजानं काहीतरी प्रतिज्ञा केली म्हणून तिला माहेरी जाऊ देत नाही, आणि ती सज्जात उभी राहून गाते. याच पदासाठी सगळी गर्दी होती. पद संपलं आणि उकंडरावांनी खुर्चीतून उठून आरोळी दिली, वन्स मोअर! सगळं थेटर ओरडलं. राणीनं डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून तेच म्हटलं. पुन्हा उकंडराव, पुन्हा वन्स मोअर. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. राणी गायला लागली आणि मला बायकांच्या बाजूला गडबड दिसली. चिकाचा पडदा सारून तुझी आई बाहेर आली होती.

दारावरचा माणूस आडवा आला, त्याला तिनं हातानं बाजूला केलं. पायऱ्या चढून थेट सज्जात. पेटी थांबली, तबला थांबला. हजारभर माणसांच्या माना वर झाल्या. आई त्या नटाला म्हणाली, "तीनदा तेच सांगून राह्यली, अन् एक मानूस जागचा हालत नाई. तुले न्याले कोनी नाई आलं काय वं माय? घे, ओटी घे." तिनं त्याला कुंकू लावलं, आणि तुझ्यासाठी घेतलेला खण, नारळ, ओंजळभर गहू, सगळं पुढं केलं. मी मान खाली घातली. वाटलं, आता तो हसणार, थेटर हसणार, आणि पंचफुलेचं माहेर कायमचं तुटलं. पण पोरी, तो नट मोठा माणूस. त्यानं पदर पसरला, ओटी घेतली, आणि वाकून तुझ्या आईच्या पायांवर डोकं ठेवलं. उठला तेव्हा गालावरचा रंग ओघळला होता.

पडदा पडला आणि बाहेर सोड्याच्या गाड्यापाशी नुसतं रण माजलं. वकील मंडळी म्हणत होती, खेड्यातल्या एका बाईनं कलेचा सत्यानाश केला, राणीच्या ओटीत वाशीमच्या बाजारातला नारळ! कापसाचे व्यापारी लखीराम शेठ म्हणाले, अख्ख्या नाटकात खरं काय ते तेवढंच घडलं. मास्तर दोन्हीकडून बोलत होते. कुणीतरी आईलाच विचारलं की बाई, तो पुरुष आहे हे तुम्हाला कळलं नाही का. ती म्हणाली, "मानूस हाय हे मले दिसत नव्हतं काय? पन रडनं बाईचं होतं." उकंडराव मात्र कुठं दिसेनात. पुढच्या अंकात त्यांची खुर्ची रिकामी होती. रात्री मुक्कामावर आई रिकाम्या गाठोड्याचं फडकं घडी करत बसली. लेकीची ओटी भलत्याला दिली, आणि व्याह्यांचं लाडकं पद मोडलं, हे तिला उशिरा उमगलं होतं.

सकाळी वाशीम स्टेशनवर गाडीत बसलो, तर समोरच्या बाकावर उकंडराव. कंपनीचा पुढचा मुक्काम अकोल्याला, ते तिकडं निघालेले. त्यांनीच विचारलं, की नाटक कसं वाटलं. घोकलेले दोन शब्द ओठांवर होते, पण आईसमोर खोटं बोलवेना. म्हटलं, गाणी लांब होती, मला जांभया आल्या. पण त्यानं पदर पसरला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. उकंडराव म्हणाले, "वन्स मोअर म्या देल्ला, तीन येळा. आयकलं मात्र विहीनबाईनं." आणि फेट्याच्या शेवानं डोळे टिपले. आईनं डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला आणि तीही रडायला लागली. मग जऊळका येईपर्यंत आम्ही दोघं भांडलो. गाणी लांब नव्हती, तुमचे कान आखूड आहेत, असं ते म्हणाले. माझं मत मी बदललेलं नाही, त्यांनीही नाही, आणि गाडी थांबली तेव्हा त्यांनी मला उतरताना हात दिला.

आता कशासाठी लिहिलं ते. उतरण्याआधी त्यांनी नाटकाच्या जाहिरातीमागं जावईबापूंना 'सुनेला माहेरी पाठव' अशा चार ओळी लिहून दिल्या आहेत, त्या सोबत पाठवतो. ही चिठ्ठी तेवढी जावईबापू रामकिसनरावांच्या हाती दे. उकंडराव अकोल्याला सहा दिवस राहणार. मी म्हटलं, तुम्ही परत आल्यावर रीतसर येऊन नेतो. तर म्हणाले, "घरी गेलो का मी पुन्हा सासरा व्हतो. त्याच्या पयले घेऊन जा." म्हणून शनिवारी दमणी घेऊन येतो. खाली कडबा आणि वर तीन गोधड्या घालतो, बैल सावकाश हाकतो. आई थांब म्हटलं तरी ऐकत नाही, तीही येते आहे. नवा खण घेतला आहे, या खेपेला हिरवा. शनिवारी सकाळी तयार राहा, पंचफुला. तुला घरी न्यायला आम्ही येतो आहोत.

तुझाच,
बाबा