आईच्या खुर्चीतली थंडी

आई,

मटाराचं सूप गरम करून घे, जेवायला माझ्यासाठी थांबू नकोस. तू चर्चला गेल्यावर सहज तुझ्या खिडकीजवळच्या खुर्चीत टेकलो, तर पायांचा नुसता बर्फ झाला! भिंतीवरचं तापमापक तेव्हाही एकवीस अंशच दाखवत होतं. तू ‘थंडी वाजते’ म्हणालीस की त्याच्याकडेच बोट दाखवून हिवाळाभर मी तुला वेड्यात काढलं. घर तापवणारा हा नवा हीट पंप वीज वाचवतो खरा, पण त्याची ऊब वर छताशीच राहते. तोंडाने हे सांगायची लाज वाटते, म्हणून लिहितोय.

तुझ्या विटांच्या शेगडीचं, पंप आल्यावर बुजवलेलं धुराडं पुन्हा उघडून दे, अशी तावेत्ती गवंड्याला गळ घालायला चाललोय.

नाताळात तू विणलेले लोकरी मोजे ‘आता या घरात कशाला?’ म्हणून मी परत केले होते ना? तेच घालून निघालोय.

ईल्मो