सत्तावन्न सालचा भाव

१८ ऑगस्ट, रविवार

आजपासून रोजनिशी. कारण, नातीची रायफल.

केंड्रा ऑक्टोबरात बारा वर्षांची होते. म्हणजे तिला शिकारीचा परवाना मिळणार, म्हणजे पहिली रायफल लागणार, आणि ती मी देणार. सगळं ठरलेलं आहे. फक्त रायफल घ्यायची बाकी आहे.

आमच्या घरात रीत आहे. पहिली रायफल जो देतो तोच हरणांच्या मोसमाच्या पहिल्या पहाटे पोराशेजारी बसतो. माझ्या शेजारी माझे वडील बसले होते. हरीण काही आलं नाही, पण थर्मासमधली कॉफी त्यांनी मला त्या पहाटे पहिल्यांदा दिली. अर्धा कप, दूध घालून. आमच्या लेकीला, डेनिसला, शिकारीत कधी रस नव्हता, त्यामुळे बाप म्हणून माझी पाळी हुकली. आता आजोबा म्हणून हुकू देणार नाही.

भाव काढून ठेवला आहे. डिसेंबर १९५७ चं मासिक, पान एकाहत्तर. थर्टी-थर्टी रायफल, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, ६३ डॉलर ९५ सेंट. चित्रात चौकड्यांचा शर्ट घातलेला बाप पाइप ओढतोय आणि पोरगा नाताळच्या झाडाखाली बसून हसतोय. खाली कूपन. कापा, पाठवा, पोस्टमन रायफल घरी आणून देईल. आमच्या वडिलांनी असंच कूपन कापून माझी रायफल मागवली आणि मी बारा वर्षांचा होईपर्यंत कपाटात जपून ठेवली. त्यांच्या अंकात त्या जागी भोक आहे. हा अख्खा अंक मी जुन्या बाजारातून आणला. मूळ किंमत पस्तीस सेंट. मला चाळीस डॉलरला पडला, पण तो वेगळा विषय आहे.

महागाई धरून मी शंभरापर्यंत जाईन. मी काही हट्टी माणूस नाही.

१९ ऑगस्ट

नेडीनला बजेट सांगितलं. आमची ही हसली. नवी अकराशेच्या खाली येत नाही म्हणे. वर म्हणाली, सत्तावन्न साली तू चार वर्षांचा होतास, तुला दुधाचा तरी भाव माहीत होता का. बायकांशी किमतींवर बोलू नये.

२५ ऑगस्ट, रविवार

डेनिस, जावई आणि केंड्रा जेवायला आले होते. जेवणानंतर केंड्रा माझ्याबरोबर तळघरात आली. माझी रायफल बघायला मागितली. हातात घेतल्याबरोबर आधी आत गोळी नाही ना ते तपासलं. शिकारीच्या वर्गात नीट शिकवतात असं दिसतंय. मग खांद्याला लावून बघितली, दस्त्यावरून हात फिरवला, आणि हीच वापरली तर चालेल का म्हणून विचारलं.

मला भरून आलं. एवढंसं पोर, पण आजोबाचा खर्च वाचवायला बघतंय. तिला म्हटलं, माझ्या नातीच्या हातात जुनी वस्तू नाही जायची. शिवाय ती घेतल्यावर मी काय काठी घेऊन जंगलात जाऊ?

तिने रायफल जपून जागेवर ठेवली. पटलं असावं.

७ सप्टेंबर

मर्लच्या दुकानात गेलो. मासिक सोबत नेलं होतं. वापरलेली एक थर्टी-थर्टी भिंतीवर होती, आठशे चाळीसची चिठ्ठी लावून. मी पान एकाहत्तर काउंटरवर उघडून ठेवलं.

मर्लने चष्मा लावून सगळी जाहिरात वाचली आणि म्हणाला, दिली. त्रेसष्ट पंचाण्णवला दिली. माझा हात पुढे गेलासुद्धा. मग म्हणतो, दुकान गरम ठेवणारी भट्टी पेटत नाही, थंडी तोंडावर आली आहे, तर तेवढी बघून जा, सत्तावन्न साली भट्टीवाला खेपेला चार डॉलर घ्यायचा, मीही चारच देईन.

मी सगळं आयुष्य घरोघरच्या भट्ट्या दुरुस्त केल्या. आता निवृत्त आहे, पण ओळखीत अजून जातो, खेपेला एकशे दहा. चार डॉलरमध्ये काय येतं? सुटे भाग महागलेत, पेट्रोल महागलंय, माझे गुडघे महागलेत. मर्लला हे शांतपणे समजावलं. तो म्हणाला, रायफलमध्येही लोखंडच घालतात, हार्लन. मी मासिक मिटलं आणि घरी आलो.

मर्ल पूर्वी असा लोभी नव्हता.

८ सप्टेंबर

डेनिस बँकेत आहे. तिने फोनवर हिशेब करून दाखवला. आजोबांना तेव्हा तासाला पावणेदोन डॉलर मिळायचे, म्हणजे ती रायफल त्यांना जवळपास आठवड्याच्या पगाराला पडली. आजही आठवड्याचाच पगार लागतो.

पोरीला इतकं शिकवायला नको होतं.

२१ सप्टेंबर, शनिवार

आज हातातोंडाशी आलेला घास गेला. माझा काही दोष नाही. क्रमाने लिहून ठेवतो.

फेटरॉल्फांच्या आर्लीनने नवऱ्याच्या, ग्लेनच्या, मागे राहिलेलं सामान विकायला गॅरेजमध्ये मांडलं होतं. वॉफल करायचं यंत्र, मासेमारीच्या काठ्या, आणि मधोमध थर्टी-थर्टी. हुबेहूब पान एकाहत्तर. चिठ्ठी चारशेची. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. आधी वॉफलच्या यंत्राची चौकशी केली. मग सहज वाटावं असा सत्तावन्न सालचा विषय काढला.

आर्लीन म्हणाली, ग्लेनला तुम्ही फार आवडायचात, तुम्हाला तीनशे पंचाहत्तरला देते. बाई भली आहे, पण पुरावा पुरावा असतो. म्हटलं थांब, अंक घेऊन येतो.

घरी आलो तर अंक जागेवर नाही. नेडीनने खोकी हलवली होती. शोधताना १९५९ चा मार्च हाती लागला. त्यात दुर्बिणीची अशी जाहिरात होती की खुर्चीवर बसूनच वाचावी लागली. पुढे बर्फावरच्या बुटांची होती. जास्त वेळ गेला नाही, आणि गेला असेल तर खोकी हलवणाऱ्यांमुळे गेला.

परत गेलो तर टेबलावर फक्त वॉफलचं यंत्र. रायफल आमच्या व्याह्यांनी नेली होती, म्हणजे जावयाच्या वडिलांनी. व्हर्ननने सरळ चारशे काढून दिले. घासाघीस नाही, काही नाही. आर्लीनने म्हणे स्वतःहून पंचवीस कमी करायला बघितले तर यांनी नको सांगितलं.

असली माणसं बाजार बिघडवतात. घरी चार रायफली आहेत, पाचवी कशाला कोण जाणे.

२८ सप्टेंबर

केंड्राने पुन्हा माझी रायफल बघितली. दस्त्यावर वडिलांनी चाकूने कोरलेली माझी अक्षरं आहेत, हा. ब्रो. त्यांच्याखाली तिची अक्षरं बसतील इतकी जागा आहे म्हणाली. बोटाने मोजून दाखवली.

तिला सांगितलं, तुझ्या नव्या रायफलचा दस्ता कोरा करकरीत असेल.

१२ ऑक्टोबर, शनिवार

केंड्राचा वाढदिवस.

पाचवी रायफल कशाला ते कळलं.

व्हर्ननने त्या रायफलला लाल फीत बांधली होती. नव्याने तेलपाणी केलेलं, नवा पट्टा लावलेला. केंड्राने व्हर्नन आजोबांच्या गळ्यात हात टाकले, आणि त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मला ते बघणं आवडलं नाही. म्हणजे तिचं आवडलं नाही असं नाही. मला कुठे बघावं ते कळेना.

मग माझी भेट. पान एकाहत्तर, अठरा डॉलरच्या फ्रेममध्ये. मागे लिहिलं होतं, "ही रायफल येत आहे." विहीणबाईंनी चष्मा पुसला. नेडीन उठून केक कापायला गेली, केक आधीच कापलेला होता.

केंड्रा म्हणाली फ्रेम छान आहे. मनापासून म्हणाली. पोर गुणाची आहे.

१३ ऑक्टोबर

शांतपणे विचार केला. काही बिघडलेलं नाही. तिच्याकडे दोन रायफली असू शकतात. पहिल्या पहाटे कुठली न्यायची ते ती ठरवेल, आणि नवी कोरी समोर असताना ग्लेन फेटरॉल्फची जुनी कोण नेईल?

मोसम ३० नोव्हेंबरला सुरू होतो. पूर्वी सोमवारी सुरू व्हायचा, आता शनिवारी. पेनसिल्व्हेनियाचं काही खरं नाही.

२० ऑक्टोबर

फ्रेम करण्याआधी कूपनची झेरॉक्स काढून ठेवली होती. आज ती भरली, ६३.९५ ची मनीऑर्डर जोडली आणि पाठवून दिली. नेडीनला सांगितलं नाही. बघायला काय हरकत आहे?

४ नोव्हेंबर

मनीऑर्डर परत आली. त्या पत्त्यावर आता दातांचा दवाखाना आहे. सोबत त्यांनी एक टूथब्रश पाठवला आहे.

बरा आहे. मऊ आहे.

१० नोव्हेंबर

केंड्राने डेनिसकरवी विचारलं की पहिल्या दिवशी मी माझी रायफल नेणार आहे का. नेणारच म्हटलं. हे काय विचारणं झालं?

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज बँकेतून अकराशे काढले. दोनदा मोजून घेतले. मर्लकडे गेलो आणि मासिक न नेता गेलो. म्हटलं, दे. कुठलीही दे, चिठ्ठीवर असेल त्या भावाने.

थर्टी-थर्टी संपल्या. मोसमाच्या आधीच्या आठवड्यात कोणी शिल्लक ठेवतं का, म्हणाला. पुढचा माल जानेवारीत. आठशे चाळीसवाली मी त्या दिवशी बाहेर पडलो आणि तासाभरात गेली. शेजारच्या दोन गावांत त्याने स्वतः फोन करून बघितलं. तिथेही नाही.

मी काउंटरपाशी उभाच राहिलो. मर्लने मला कॉफी दिली. पैसे घेतले नाहीत. मग मी त्याची भट्टी बघून दिली. मीही काही घेतलं नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. टर्की कोरडी होती. जेवताना सगळ्यांनी मिळून ठरवलं. केंड्राबरोबर व्हर्नन बसणार, ओढ्यापलीकडच्या मचाणावर. रीतच आहे, म्हणाला, आणि म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. ही रीत त्याला मीच सांगितली होती.

तुम्ही पश्चिमेच्या मचाणावर जा, असं जावई म्हणाला. मी म्हटलं, यंदा गुडघे नाही म्हणतात. मी कॅम्पवर थांबतो, सगळ्यांचा नाश्ता बघतो. जंगलातल्या त्या खोलीत चुलीपाशी कोणी जाणतं माणूस हवंच. मोठी जबाबदारी आहे.

३० नोव्हेंबर, शनिवार. पहाट

बर्फ भुरभुरतंय. दोघं निघाले. केंड्राच्या अंगावर नारिंगी जाकीट, दोन मापं मोठं. तिला टोपी कानांवर ओढायला सांगितलं. माझा थर्मास व्हर्ननकडे दिला आणि सांगितलं, तिला अर्धा कप दे, दूध घातलेलं आहे. तो बरं म्हणाला. चांगलं बोलला. त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

माझी रायफल खुंटीवर आहे. आणली होती. तिच्याखाली केंड्राने पान एकाहत्तरची फ्रेम लावली आहे. मला न विचारता.

बेकन जास्त कडक झालं.

३० नोव्हेंबर, दुपार

हरीण आलं नाही. केंड्रा गारठून आली आणि चुलीला चिकटून बसली. व्हर्नन खुर्चीतच झोपला. अंडी वाढता वाढता मी म्हटलं, आमच्या वडिलांनी ही रायफल घेतली तेव्हा, आणि जावई, डेनिस, नेडीन तिघं एका सुरात म्हणाले, त्रेसष्ट पंचाण्णव. कोणी रागाने म्हणालं नाही. त्यानेच जास्त लागलं.

भांडी धुताना केंड्रा पुसायला आली. मी हळूच सांगितलं, जानेवारीत नवा माल येतोय, पैसे काढून ठेवलेत, पुढच्या वर्षी बघ. ती बशी पुसत राहिली. मग म्हणाली,

"आजोबा, मी तुमचीच मागत होते. उन्हाळ्यापासून. ती तर फुकट होती."

मी हात पुसले, खुंटीवरून रायफल काढली आणि तिच्यापुढे धरली. म्हटलं घे, आत्ता घे, दुपारचं आपण दोघं जाऊ.

तिने घेतली नाही. व्हर्नन आजोबांना कबूल केलंय म्हणाली, त्यांना वाईट वाटेल. अगदी बरोबर आहे. माझ्याच लेकीने वळण लावलेलं आहे.

ते दोघं आत्ताच गेले. थर्मास मीच भरून दिला.

रायफल परत खुंटीवर ठेवली. खालची जाहिरात पुन्हा वाचली, बारीक अक्षरांतलीसुद्धा. फुकट असं कुठेच लिहिलेलं नाही.