बाई, मी अंगठा मागितला

बाई,

तुम्ही गेल्यानंतर काही वर्षांनी सगळ्या शाळा एकदम बंद झाल्या. हे तुमच्या हयातीत कोणी सांगितलं असतं तर तुम्ही त्यालाच दटावलं असतं, शाळा कशी बंद होईल, तोंडाला येईल ते बोलू नकोस म्हणून. पण झाल्या. आजाराची साथ आली, माणसं आपापल्या दाराआड बसली, आणि आम्हाला सांगण्यात आलं की मुलं घरीच राहतील, शिकवायचं ते फोनवरून शिकवा. माझ्याकडे तेव्हा दुसरीचा वर्ग होता. समोर बसलेली असताना ज्यांचं लक्ष खिडकीतल्या खारीकडे, त्यांना फोनवरून शिकवायचं! पहिल्या दिवशी मी हसले आणि दुसऱ्या दिवशी कंबर कसली. एखादी गोष्ट मला जमणार नाही असं मला वाटतच नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आमचे मुख्याध्यापक याला माझा आगाऊपणा म्हणतात, मी तुमची शिकवण म्हणते.

मुलांना शिकवण्याइतकंच मोठं काम होतं ते घरच्यांना कळवण्याचं. कोण काय शिकतंय, कुठं अडलंय, आज काय करायचंय. आणि त्या कामाचं नाव काढलं की मला आमचं बोरगाव मेघेचं स्वयंपाकघर आठवतं. तेव्हा तिकडे इतके प्लॉट पडले नव्हते, आमच्या घरामागेच भाजीचं वावर होतं. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, मी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधते आहे, आणि तुम्ही चप्पल बाहेर काढून सरळ आत येता. आईचा हात परातीतच थांबतो. "बाई, तुमी? काऊन, पोट्टीनं काई केलं का?" तुम्ही आधी पाणी मागता, ते सावकाश पिता. मी दाराआड सरकते आहे, कारण काय केलं ते मलाच आठवत नाही आणि भीती मात्र सगळी वाटते आहे. मग तुम्ही म्हणता, "केलं ना. आज तिनं हातच्याची वजाबाकी केली. न विचारता केली. तेच सांगाले आली." आई तुमच्याकडे बघत राहते. "येवढ्यासाठी उन्हाचं आल्या तुमी?" आणि तुम्ही म्हणता, "येवढंच तं सांगाचं असते, माय." शाळेत तुमची भाषा पुस्तकातली, आमच्या चुलीपाशी मात्र आमची. तुम्ही गेल्यावर आईनं मला तव्यावरची पहिली भाकर दिली. एरवी ती बाबांची असायची.

पुढं मी स्वतः मास्तरीण झाले आणि पहिल्याच वर्षी एका मुलाच्या वहीत लाल शाईनं लिहून पाठवलं, पाल्याकडे लक्ष द्या. ते मी तुम्हाला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. तुम्ही शेंगा सोलत होता, मान वर न करता विचारलंत, "लक्ष द्या म्हणजे नेमकं काय करायचं त्यांनी? पोराकडे टक लावून बसायचं? आणि त्या घरात लाल शाई वाचतं कोण?" मला त्या घरात कोण वाचतं हे माहीत नव्हतं. "मग आधी जाऊन बघ. आणि पोराला काय येतं ते आधी सांग, काय येत नाही ते पाणी पिऊन झाल्यावर." एवढं बोलून तुम्ही आत गेलात आणि खादीचा पांढरा दुपट्टा आणून माझ्या अंगावर टाकलात. डोक्याला बांधत जा, मार्च लागला की वर्ध्याचं ऊन शाळेची बाई आहे ते बघत नाही. तो दुपट्टा बांधून मी किती उंबरे चढले असेन. लोक लांबूनच ओळखायचे, पांढरं डोकं आलं म्हणजे मॅडम आल्या. तुमच्यासारखं बाई मला कोणी म्हणत नाही, आता सगळ्या मॅडम झाल्या आहेत.

तर साथीच्या त्या दिवसांत दुपट्टा खुंटीला आणि मी फोनला. वर्गातल्या सगळ्या घरांचा एक गट केला. ज्यांच्याकडे एकच फोन आणि तो बापाबरोबर वावरात, त्यांच्यासाठी संध्याकाळी आवाजात निरोप पाठवायचे. सकाळी अभ्यास लिहून टाकायचे आणि खाली एक ओळ असायची, अभ्यास मिळाला असल्यास अंगठा पाठवा. फोनमध्ये एक उभा पिवळा अंगठा असतो, बाई, तो पाठवला की समजायचं, मिळालं, ठीक आहे. लोकांना सोपं पडलं. सकाळी ओळ टाकावी आणि दुपारपर्यंत अंगठ्यांची रांग लागावी. मी फुशारून गेले. बाकीच्या शाळांतल्या मैत्रिणी विचारायच्या, तुझे पालक इतकी उत्तरं कसे देतात गं, आणि मी त्यांना शहाणपण शिकवायचे.

एक दिवस एका मुलीची आई गटातून निघून गेली. नालवाडीच्या पुढं त्यांचं भाजीचं वावर, नवरा-बायको मिळून पालक, मेथी, सांभार पिकवायची आणि गल्लीगल्लीत विकायची. पोरगी हुशार, पण लिहिलेलं वाचताना डोक्यावरचं टिंब तिला दिसायचंच नाही. शेंगा लिहिलं की ती शेगा वाचायची, आंबाचा आबा करायची. शाळा बंद झाली तेव्हा आम्ही त्या टिंबापाशीच होतो. मला वाटलं, चुकून बटण दाबलं गेलं असेल. फोन केला. पलीकडून आवाज आला तो थंड होता. "मॅडम, पोरीचं नाव काढून टाका. तिले गिरडले माह्या मायकडे पाठवून राह्यली, तिथंच जाईल शाळेत." मी म्हटलं, अहो, तिथली शाळाही बंदच आहे, मध्येच मुलगी ना इथली राहील ना तिथली. तर म्हणाली, "राहू द्या. आमी अंगठेवाले नाई हाओत. मले सही येते." आणि फोन ठेवला.

मी गट उघडला. मग आपणच रोज सकाळी लिहीत होतो ती ओळ मी मोठ्यानं वाचली, आणि कानाला ती पहिल्यांदा तशी ऐकू आली. अंगठा पाठवा. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी जन्मभर शाईत अंगठा बुडवला, त्यांच्याकडे शाळेनं रोज अंगठा मागायचा. बाकीच्यांनी हसून दिला असेल, चिडून दिला असेल, मला कुठं दिसत होतं? मला पिवळे अंगठे दिसत होते. मी खुंटीवरचा दुपट्टा काढला, नाकातोंडावरून नीट गुंडाळला आणि गाडीला किक मारली. पोरगी गिरडला गेली की हातची जाईल, एवढं मला पक्कं कळत होतं. तिथं तिच्या आजीकडे फोनही नव्हता.

ती बांधावर मेथीच्या जुड्या बांधत होती. बस म्हणाली नाही. मी लांबच उभी राहून सांगायला लागले की फोनमधल्या अंगठ्याचा अर्थ तसा नसतो. तिनं माझं बोलणं मध्येच तोडलं. "ते समजते मले, मॅडम. कंट्रोलच्या दुकानात रेशनच्या मशीनवर सायबाले बी अंगठा लावा लागते. पण हे पोरगी सगळ्यायच्या समोर वाचते, अंगठा पाठवा, अन् देर म्हणते, वहिनी, येवढी सही सही करतं, मॅडमनं तं अंगठाच मांगला! सासू हासते, जाऊ हासते. माह्या बाईनं सांगतलं होतं मले, आता कोनी बी अंगठा मांगो, देजो नको. म्हनून मी नाई देल्ला." मी विचारलं, कोण बाई? "त्या बोरगावच्या. रिटायर होऊन समाजभवनात दुपारच्या शिकवत जात. मी नवीनच लग्न होऊन आलती. सही तेवढी शिकली अन् पोटात पोरगी राह्यली, मंग जमलं नाई."

बाई, तिथं भर उन्हात मला हसू आलं. समाजभवनाचा तुमचा वर्ग मला माहीत होता, त्यात कोण बसत होतं ते माहीत नव्हतं. म्हणजे तुम्ही एका पोरीला सांगून ठेवलंत की अंगठा देऊ नकोस, दुसरीला दुपट्टा देऊन सांगितलंत की घरी जात जा, आणि पहिलीनं ऐकलं. मला तुमचा हेवा वाटला आणि तिचाही. मी तिथंच बांधावर बसले. आता तुमच्या रीतीनं मुलीला काय येतं ते आधी सांगायचं, आणि मला तर काहीच माहीत नव्हतं! मी बातम्या पाठवत होते, घरातून माझ्याकडे एकही बातमी येत नव्हती. आणि मग तिचं बोलणं माझ्या डोक्यात मागे फिरलं.

"थांबा," मी म्हटलं. "ते पोरीनं वाचलं? कोणी वाचून नाही दाखवलं?"

"तिनंच वाचलं. मले कुठं वाचता येते? सहीच तं येते."

"नेमकं काय म्हणाली ती? अगठा की अंगठा?"

"अगठा काय असते, मॅडम?" ती माझ्यावर वैतागली. "अंगठाच म्हनली. चांगली खणखणीत म्हनली, म्हनून तं सगळे हासले."

मी पोरीला हाक मारली. ती पाटाच्या पाण्यात पाय बुडवून बसली होती, तशीच आली. मी काडीनं मातीत लिहिलं, शेंगा. तिनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "शेंगा." मग लिहिलं, भांडं. दोन्ही टिंबांवर तिनं नाकातून असा जोर दिला की तिची आई जुडी खाली ठेवून जवळ आली. मी तिला सांगितलं, "तुमची पोरगी टिंब वाचायला लागली. शाळेत माझ्यानं झालं नव्हतं, घरी झालं. तेच सांगायला आले." येताना मला ते ठाऊक नव्हतं, पण सांगताना ते शंभर टक्के खरं होतं. ती मातीतल्या त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "येवढ्यासाठी उन्हाचं आल्या तुमी?" आणि पोरीला पाणी आणायला पिटाळलं. पोरगी गिरडला गेली नाही.

अंगठ्याची ओळ मी त्याच संध्याकाळी बदलली. गटात सगळ्यांना सरळ सांगितलं, माझं चुकलं, मला अंगठा नको. आज पोर घरी काय बोललं, काय वाचलं, कशावरून भांडलं, ते मला कळवा, तुमच्या आवाजात सांगा, मी ऐकते. पहिला निरोप तिचाच आला. आवाज नव्हता, फोटो होता. चुलीमागच्या भिंतीवर खडूनं केलेली तिची सही, हातभर लांब. शेवटच्या अक्षरातून एक रेघ निघून उजवीकडे पार दिवळीच्या कोनाड्यापर्यंत गेलेली. ती रेघ मी कुठंही ओळखली असती. माझ्या प्रगतिपुस्तकावर तुमच्या सहीत ती वर्षानुवर्षं बघितली आहे, रकाना ओलांडून शेजारच्या रकान्यात घुसणारी. तिच्यामागून दुसऱ्या घरांच्या सह्या यायला लागल्या, दारावरच्या, पाट्यांवरच्या, एक तर भाजीच्या टोपल्याला लावलेल्या पुठ्ठ्यावरची. आणि आवाजही यायला लागले. एक आजी रोज सांगायची की नातवाला आज काहीच आलं नाही, पण खोटं बोलला नाही.

आता शाळा भरते. ती पोरगी मोठ्या शाळेत जाते आणि रस्त्यात भेटली की माझ्या फोनवरच्या चुका काढते. गट अजून आहे, पण दर आठवड्याला मी दुपट्टा बांधून दोन-चार घरी जातेच. नव्या शिक्षिका म्हणतात, मॅडम, एका फोनचं काम आहे. मी त्यांना सोबत नेते आणि पाणी पिऊन होईपर्यंत तोंड बंद ठेवायला लावते. याबाबतीत मी कोणाचं ऐकत नाही, आणि मला वाटतं माझं बरोबर आहे.

हे पत्र पाठवायचं कुठं, हा प्रश्न नाही, कारण पाठवायचंच नाही. पण तुम्हाला एक सांगते. माझ्या सहीतही शेवटची रेघ तशीच लांब जाते. कोणी विचारलं की मी म्हणते, ती माझी ढब आहे. ती ढब माझी नाही, बाई. चौथीत असताना तुमच्या सहीवर कागद ठेवून मी ती गिरवली होती. आता खाली सही करते आहे, आणि रेघ कागदाबाहेर गेली तरी आज थांबवणार नाही.